स्वस्त झालेला संशय

‘ख्रिस्ती धर्म म्हणजे तरी शेवटी काय? एक महाकथन! आणि महाकथनांचा काळ आता संपला.’ बंगळुरातील महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाची अशी समजूत दिसली आहे की, ते त्याला स्वतःलाच सुचले. ख्रिस्ताला मानणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. न मानणाऱ्यांशीही नाही. पुस्तक न उघडताच निकाल देऊन मोकळ्या होणाऱ्या संशयाशी मात्र आहे. हा संशय आता आपल्या मराठी घरांतही सुखाने नांदू लागला आहे, म्हणून त्याची झाडाझडती याच पानांवर घेणे आम्हांस प्राप्त आहे.

हा तरुण कोण? ओळखीच्या चार घरांतील चार मुले मिळून तो एक झाला आहे असे वाचकांनी समजावे. सकाळी साडेसातला तो विजयनगरला जांभळ्या मार्गाची मेट्रो पकडतो. महाविद्यालय ख्रिस्ती संस्थेचे. या शहरात सेंट जोसेफ १८८२ साली निघाले, माउंट कार्मेल १९४८ साली आणि क्राइस्ट १९६९ साली. तेव्हा अशा एखाद्या संस्थेत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून मराठी बापाने खटपट करावी, यात नवल नाही. सकाळी प्रार्थना होते. त्या वेळी याचा अंगठा फोनवर फिरत असतो. मग तास. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली पाहिजे, म्हणून तो वर्गात असतो. दुपारी साहित्यसिद्धान्ताचा तास. त्यात उत्तराधुनिकतावाद चार पानांच्या टिपणात आटोपतो, आणि ते टिपण संध्याकाळच्या आत साऱ्या वर्गाच्या फोनवर पोहोचते. त्यानंतर कॅन्टीनमधील कॉफी. महाकथनांचा अंत्यविधी बहुधा तिथेच उरकला जातो. रात्री संगणकावर आकडेवारीच्या विश्लेषणाचा शिकवणीवर्ग. का? तर प्लेसमेंटच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून. झोपण्यापूर्वी मित्रांशी बोलणे होते ते कोणाला किती लाखांचे पॅकेज मिळाले याविषयी.

या दिनक्रमाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पोटाची चिंता सर्वांनाच असते. महागाई भत्त्याच्या आदेशाकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां कारकुनांनी कोणाला वैराग्य शिकवू नये. आमचा प्रश्न इतकाच : ज्याचा दिवस पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एकाच कथेच्या तालावर चालतो, त्याने आपला कोणत्याही महाकथनावर विश्वास नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? हजेरी, गुण, नोकरी, पॅकेज, फ्लॅट ही जपमाळ नव्हे तर काय? हिच्यात मोक्ष आहे, पुण्यवान आहेत, पतित आहेत, निवाड्याचा दिवसही आहे. फक्त या कथेकडे कोणी संशयाने पाहत नाही.

आता ज्या ग्रंथाच्या नावाने हे सारे चालते, तो ग्रंथ काय म्हणतो ते पाहावे. ज्याँ-फ्रांस्वा ल्योतार या फ्रेंच तत्त्वचिंतकाचे उत्तराधुनिक अवस्थेवरील पुस्तक १९७९ साली निघाले. ते मुळात कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरकारच्या विश्वविद्यालय-मंडळासाठी लिहिलेला अहवाल होता. अहवालांच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यात आमची उमर चालली आहे; अहवालातील एक वाक्य तेवढे उचलावे आणि बाकीचा बासनात बांधावा, ही रीत आम्हांस नवी नाही. या अहवालाचेही तेच झाले. महाकथनांवरील अविश्वासाचे वाक्य जगभर गेले. ज्ञान ही विकण्याची वस्तू होत आहे, ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न मागे पडून ‘याचा उपयोग काय, याला मोल किती?’ हाच प्रश्न विद्यापीठांतून विचारला जाईल, हे ज्या पानांत सांगितले आहे ती पाने टिपणात येत नाहीत. आमच्या तरुणाचा दिनक्रम म्हणजे त्या न वाचलेल्या पानांची साक्षच होय! शिवाय प्रस्तावनेत महाकथनांची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत संपत्तीच्या निर्मितीची कथा आहे. ख्रिस्ताचे नाव नाही. पुढील लेखनात ल्योतारने ख्रिस्ती कथाही त्या यादीत घातली, हे खरे. परंतु यादीतील एका नावावर फुली मारून दुसऱ्याच्या पायाशी बसणे, याला संशय म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

संशयाला काय किंमत पडते हे पाहावयाचे तर पॅरिसला जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातीलच गंगामूळच्या अरण्यात झाला. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर महाराष्ट्रात टीकेचे मोहोळ उठले हे सर्वांस ठाऊक आहे. नव्या घरीही त्यांनी मान तुकविली नाही, हे तितके ठाऊक नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर त्यांनी आपल्याला दीक्षा देणाऱ्यांशीच पत्रांतून वाद घातला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, हेही त्यांनी विचारले. ही कथा कोण सांगतो, कोणाच्या भाषेत आणि कोणत्या अधिकाराने, हे प्रश्न आज उत्तराधुनिक म्हणून मिरवतात. रमाबाईंनी ते ल्योतारच्या जन्मापूर्वी विचारले. मात्र विचारून त्या कॅन्टीनमध्ये बसून राहिल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरविले. १९२२ साली त्या वारल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या संशयाने त्यांना कामाला लावले. आमच्या तरुणाचा संशय त्याला कामातून सोडवितो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ताचा स्वीकार केला तेव्हा घर दुभंगले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेविली. श्रद्धा ठेवून संस्थेला प्रश्न करता येतो, याचा याहून स्वच्छ दाखला कोणता हवा?

यावर कोणी म्हणेल की, हा धर्म आपल्याकडे सत्तेच्या सावलीत आला. हे खरेच आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले. त्याची आठवण पुसली जाऊ नये. परंतु हा आक्षेप इतिहास वाचून घ्यावयाचा असतो. ‘सगळीच कथने सारखी’ असे एकदा म्हटले की, इन्क्विझिशनचे कथन आणि त्यात भरडल्या गेलेल्यांचे कथन हीही सारखीच ठरतात. हे आमच्या तरुणाला मान्य आहे काय?

उलट बाजूस काही पालक आहेत. त्यांना प्रश्न पडतो तो, ‘मुलगा त्यांच्या कॉलेजात जातो, बाटणार तर नाही ना?’ हा. त्यांनी निश्चिंत असावे. बाटण्यासाठीसुद्धा आधी काहीतरी मनावर घ्यावे लागते!

आमची मागणी लहान आहे. सेमिस्टर संपल्यावर या तरुणाच्या हाती लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ द्यावी. मराठी वाचण्याचा सराव सुटला असेल तर घरातील कोणी रोज चार पाने मोठ्याने वाचून दाखवावी. मग महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक शुभवर्तमान आणि ल्योतारचा तो अहवाल आणून त्याने दोन्ही मुळातून वाचावे. इतके करून त्याने ख्रिस्ताला नाकारले तर आमची तक्रार नाही. तो नकार निदान त्याचा स्वतःचा असेल; आज आहे तो टिपणातला आहे.