आधी माणूस सावलीत, गाडी मग

काही दिवस पहाटेपासूनच वाकडे निघतात. मे महिन्यातल्या त्या दिवशी चार वाजता लाईन गेली, कूलर बंद पडला आणि आईची झोप मोडली. साडेसहाला आम्ही अंजनगाव सुर्जीहून अमरावतीला निघालो. तिच्या रक्तदाबाची आणि मूत्रपिंडाची नेहमीची तपासणी होती. डॉक्टर दोन तास उशिरा आले. एक रिपोर्ट ‘उद्या मिळेल’ असं सांगण्यात आलं. औषधाच्या दुकानात नेमकी तिचीच एक गोळी संपलेली. परतवाड्यावरून पुढे निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि मी मनातल्या मनात चार-पाच जणांशी भांडत होतो. पथ्रोट मागे पडलं आणि गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला.

ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “एसी बंद करा, हीटर फुल्ल सोडा अन् हळूहळू या.” गाडीपुरता हा सल्ला अगदी बरोबर आहे. हीटर सुरू केला की इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाची काही उष्णता गाडीच्या आत सोडली जाते. इंजिन वाचतं. मी तेच केलं. बाहेर ४५ अंशांच्या आसपास, आत हीटर आणि मागच्या सीटवर ७४ वर्षांची आई. दोनेक किलोमीटर गेलो असेन, तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी कडेला घेतली आणि पुढचा अर्धा तास माझं डोकं बॉनेटखाली होतं. आई आतच बसली होती. काचा अर्ध्या खाली होत्या म्हणून मी निर्धास्त होतो.

बाजूच्या संत्र्याच्या बागेतून एक शेतकरी आले. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, गाडीचं मंग पाहू. पैले मायले सावलीत आना.” मी आईला विचारलं, पाणी हवं का? ती म्हणाली, “परतवाडा आलं का?” परतवाडा तासाभरापूर्वी मागे पडलं होतं.

उन्हाळा लागला की याच स्तंभात मी दरवर्षी उष्माघातावर लिहितो. भर उन्हातल्या माणसाने असं असंबद्ध उत्तर दिलं तर तो मेंदूला उष्णता पोचल्याचा इशारा असतो, हे मी लिहिलेलं आहे. तरी त्या अर्ध्या तासात मला फक्त रेडिएटर दिसत होता.

असं का होतं, यावर थोडं सांगता येईल. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरात एक साधा प्रयोग झाला होता. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरवा दिवा लागल्यावरही एक गाडी मुद्दाम जागेवर थांबवून ठेवायची आणि मागचा माणूस किती हॉर्न वाजवतो ते मोजायचं. तापमान जसजसं वाढलं तसतसे हॉर्न वाढले. ज्यांच्या काचा खाली होत्या, म्हणजे बहुधा एसी नव्हता, त्यांच्यात ही वाढ सर्वांत ठळक होती. ऊन माणसाला नुसतं दमवत नाही, चिडवतंही. त्यात दिवस आधीच बिघडलेला असला, झोप अपुरी असली, पोटात सकाळचा फक्त चहा असला, की समोरची बंद पडलेली वस्तू शत्रू वाटायला लागते. मग माणूस तिच्याशी लढत बसतो आणि बाकीचं त्याच्या नजरेतून सुटतं. यात मला स्वतःचा बचाव करायचा नाही. पण हे आपल्यापैकी कुणाचंही होऊ शकतं आणि म्हणूनच, वऱ्हाडात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत रस्त्यात गाडी बंद पडणं ही फक्त खिशाची किंवा नशिबाची गोष्ट समजू नये, असं माझं ठाम मत आहे. ती आरोग्याची आणीबाणी आहे.

उन्हात उभी असलेली गाडी सावली देत नाही. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता आतच कोंडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाहेरचं तापमान २२ ते ३६ अंश असतानाच्या नोंदी आहेत. आपल्या हिशेबाने हा तर थंडाईचाच काळ. तरीही गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. नागपुरात जून २०२३ मध्ये घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत खेळता खेळता अडकलेली तीन लहान मुलं दगावली, ती बातमी पुष्कळांना आठवत असेल. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. म्हाताऱ्या माणसांची अडचण वेगळी. वयानुसार तहानेची जाणीवच बोथट होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं. (म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.) आणि आईच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. तिने सकाळपासून जेमतेम दोन घोट पाणी घेतलं होतं. प्रवासात बाई पाणी का टाळते, हे आपल्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. धड वापरता येईल असं स्वच्छतागृह अमरावतीपासून अंजनगावपर्यंत कुठे आहे, हे मला आजही चटकन सांगता येणार नाही.

बागेतल्या त्या कडुनिंबाखाली पुढे जे झालं ते पाठ्यपुस्तकात शोभेल असं होतं. शेतकऱ्यांच्या घरच्या बाईंनी रांजणातलं पाणी आईच्या डोक्यावर, मानेवर, हातापायांवर ओतलं, लुगडं भिजवलं आणि सुपाने वारा घालायला लागल्या. आधी ओलं केलं आणि मग वारा घातला, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. हवा ४५ अंशांची आणि त्वचा साधारण ३५ अंशांची असेल तेव्हा कोरड्या अंगावर घातलेला वारा शरीराला थंड करत नाही, उलट तापवतो. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन गेलं तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. कूलरच्या ओल्या ताटीतून येणारी हवा गार का लागते, त्याचंच हे उत्तर. आणि वऱ्हाडाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून आपल्याकडे ही युक्ती मुंबईपेक्षा जास्त लागू पडते.

शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, की तो उष्माघात. घाम थांबलेलाच असेल असं नाही. अशा वेळी १०८ ला फोन करायचा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. ओलं करणं आणि वारा घालणं सुरूच ठेवायचं, कारण मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत किती वेळ तापलेले राहिले यावर पुढचं बरंचसं ठरतं. क्रोसिन देऊ नका. संसर्गाच्या तापात मेंदू शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकवतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणते. उष्माघातात थर्मोस्टॅट हललेलाच नसतो, शरीर बाहेरच्या उष्णतेपुढे हरलेलं असतं. त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही, यकृताला त्रास मात्र होऊ शकतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. खिशातल्या कांद्याविषयी मी काही बोलत नाही. तो ठेवल्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनला बाहेर पडू नका.

वीसेक मिनिटांनी आईने विचारलं, “आपण इथं कावून बसलो?” मला हायसं वाटलं. त्यांच्याच पिकअपमधून तिला अंजनगावला आणलं, सलाईन लागलं, संध्याकाळी ती घरी आली.

आता गाडीचं. ती तापली कारण तिच्यात कूलंट नव्हतं, साधं पाणी होतं. गळती लागली की आपण बाटलीभर पाणी टाकतो आणि विसरतो, मीही तेच केलं होतं. अंजनगावातून दर्यापूरकडे उतरलं की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तिथलं बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, पण रेडिएटरला खुशाल पाजलं जातं. त्यातल्या क्षारांचे थर आतल्या बारीक नळ्यांत बसतात, धातू गंजतो आणि एका मेमध्ये सगळं एकदम बाहेर येतं.

आणखी एक चूक मी करता करता राहिलो. दुपट्टा हाताला गुंडाळून मी रेडिएटरचं झाकण फिरवणार होतो. त्या बागेतल्या पोराने माझा हात धरला. रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा प्रेशर कुकरच असतो. झाकणामुळे आत दाब राहतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो, पाण्याची वाफ होते आणि उकळत्या पाण्यासकट ती थेट तोंडावर येते. कुकरची शिट्टी न काढता कुणी झाकण ओढत नाही, गाडीच्या बाबतीत मात्र हे भान राहत नाही. किमान अर्धा तास थांबायला हवं. कुणी भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, शाई, यातलं काही लावू नका.

हे झालं घरच्या पातळीवरचं. पण सगळं माणसावर ढकलूनही चालणार नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. कामगारांना सावली आणि पाणी द्या, शिकवणी वर्गांच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. ते योग्यच होते. तोच विचार रस्त्यापर्यंत यायला हवा. आपले रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, कडेची मोठी झाडं गेली. दुपारी दोनला गाडी बंद पडली तर उभं राहायला सावलीचा तुकडा मिळेलच असं नाही. आम्हाला कडुनिंब मिळाला, कारण तो एका शेतकऱ्याच्या बांधाच्या आत होता. रस्त्याचं अंदाजपत्रक करताना दर काही किलोमीटरवर एक शेड, पिण्याचं पाणी आणि बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह धरलं तर डांबराच्या खर्चापुढे ती रक्कम जाणवणारही नाही. पाणपोई ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती गावातल्या चौकात अजून दिसते. दोन गावांच्या मधल्या उघड्या पट्ट्यात, जिथे ती खरी हवी, तिथे नाही.

तोवर माझ्या डिकीत पाच लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, दोन जुनी सुती लुगडी आणि कूलंटचा डबा असतो. पिण्याचं पाणी वेगळं आणि रेडिएटरचं वेगळं ठेवतो. सकाळी दहाच्या आत पोचता येत नसेल तर आईची तपासणी पुढे ढकलतो. गाडी दुरुस्तीला चार दिवस लागले. घरी आल्यावर आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या खेपेला आपण एसटीनेच जाऊ म्हणाली.