घरचेच कुत्रे, डॉक्टर!

माझा दवाखाना अलिबाग–रेवदंडा रस्त्यावर आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे कुत्रा चावलेला रुग्ण आला की पहिले वाक्य ठरलेले असते, "डॉक्टर, कुत्रं घरचंच आहे, काही होणार नाही ना?" आणि माझेही उत्तर ठरलेले, "घरचं असलं म्हणून काय झालं? त्याला इंजेक्शन दिलंय का?" समोरचा खाली पाहतो. मग मी पाच मिनिटांचे भाषण देतो. गेल्या महिन्यात मात्र खाली पाहण्याची पाळी माझ्यावर आली. ती हकीकत लिहायला थोडी लाज वाटते, पण लिहितो.

मला सुतारकामाचा छंद आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीत फणसाच्या चांगल्या फळ्या निघाल्या होत्या. त्यांचे पुस्तकांचे कपाट करायचे मी दिवाळीपासून मनात घेतले होते. रोज संध्याकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी तासभर पडवीत रंधा, पटाशी आणि करवत घेऊन बसायचे. सौ. म्हणतात की या कपाटाच्या खर्चात तीन कपाटे विकत आली असती. त्यांचे बरोबर आहे, पण छंदाचा हिशेब असा मांडायचा नसतो.

या कामात माझा मदतनीस म्हणजे आमचा गुंड्या. दीड वर्षाचे गावठी कुत्रे. याच्या खोड्या सांगाव्यात तेवढ्या थोड्या. मोजायची टेप तोंडात धरून अंगणभर पळणे, पटाशीची मूठ चावून तिचा कुंचला करणे, रंध्याचा भुसा नाकाने उडवणे. शेजारच्या आजींनी वाळत घातलेले बोंबील पळवल्याबद्दल माझी आजवर तीन वेळा माफी मागून झाली आहे. पेशंटच्या चपला तर तो जोडीने कधीच नेत नाही, एकच नेतो.

त्या शनिवारी शेजारचा दहा वर्षांचा मुलगा कपाट पाहायला आला होता. गुंड्याने कपाटाच्या दाराची लाकडी मूठ उचलली आणि हा ती काढून घ्यायला धावला. क्षणभर ओढाताण झाली आणि मुलाच्या पोटरीवर दोन दात उमटले. रक्त आले ते थेंब-दोन थेंब. मुलगा रडलासुद्धा नाही. त्याची आई धावत आली आणि म्हणाली, "राहू दे हो काका, घरचंच कुत्रं आहे."

मी आत जाऊन गुंड्याचे कार्ड काढले. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिले इंजेक्शन दिले होते. वर्षाने द्यायचा डोस चुकला होता. तीन महिने उलटून गेले होते! आधी कपाट, मग पावसाळ्यातली साथ, मग सावंतवाडीला जाण्याची तयारी. पशुवैद्यकीय दवाखाना माझ्या दवाखान्यापासून स्कूटरने दहा मिनिटांवर आहे.

पुढे जे केले ते क्रमाने सांगतो, कारण घाईच्या वेळी हेच आठवत नाही. आधी मुलाला नळाखाली बसवून साबणाने जखम घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुतली. पंधरा मिनिटे फार वाटतात, पण रेबीजचा विषाणू साबणाने नष्ट होतो आणि जखमेतून जितका वाहून जाईल तितका धोका कमी होतो. वरून जंतुनाशक लावले. आजी चुना घेऊन आल्या होत्या, त्यांना हात जोडून परत पाठवले. चुना, तिखट, हळद, कॉफीची पूड यातले काहीही जखमेत घालू नये. शक्यतो टाकेही घालू नयेत. मग मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन त्याच संध्याकाळी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात गेलो. रक्त आले असल्याने जखमेत अँटिबॉडीचे तयार औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, टोचले गेले आणि लसीचा पहिला डोस दोन्ही दंडांवर कातडीत दिला गेला. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खासगीकडे स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवसाचाही एक असतो.

रुग्णालयातून परतताना त्याच्या आईने दबक्या आवाजात विचारले, "काका, पोटात चौदा इंजेक्शनं ना?" ही भीती अजून गेलेली नाही. मी इंटर्नशिप करीत होतो तेव्हा ते खरे होते. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास तयार केलेली ती लस पोटावरच टोचली जायची. पोट सुजायचे, क्वचित मेंदूवर परिणाम व्हायचा. लोक मधेच पळून जात, आणि त्यांना दोष देणे कठीण होते. ती लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता पोटाला कोणी हात लावत नाही. दुसरा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरचा खास: मासळी बंद करायची का? नाही. खुशाल खा.

त्याच इंटर्नशिपमध्ये मी रेबीजचा रुग्ण पाहिला. पस्तिशीचा माणूस, दोन महिन्यांपूर्वी पिल्लू चावले होते. पाण्याचा पेला समोर धरला की घसा आवळायचा, पंख्याचा वारासुद्धा सहन होत नव्हता. आणि तो शुद्धीवर होता, बायकोला मुलांची चौकशी करीत होता. तिसऱ्या दिवशी गेला. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगाला उपचार नाही, आणि लक्षणांपूर्वी तो जवळजवळ पूर्ण टाळता येतो. एवढी सरळ विभागणी वैद्यकात दुसरीकडे मला माहीत नाही.

आता कुत्र्याबद्दल. चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे. तेवढे दिवस ते धडधाकट राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवायची नाही, लस पहिल्याच दिवशी सुरू. आणखी एक गैरसमज मोठा आहे. 'कुत्रं पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही.' पाण्याची भीती माणसाला वाटते, पिसाळलेले कुत्रे पाणी पिऊ शकते. प्रत्येक पिसाळलेले कुत्रे चावत सुटते असेही नाही. काही कोपऱ्यात गप्प बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. अशा वेळी मालकाला वाटते की घशात हाड अडकले, आणि तो हात घालतो!

आमची सावंतवाडीची तिकिटे पनवेलहून कोकण रेल्वेची होती. चितार आळीतली लाकडी खेळणी पाहायची, रंग कसा देतात ते विचारायचे, असे वर्षभर ठरवले होते. तिकिटे रद्द केली. सौ. काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागले. दहा दिवस गुंड्या पडवीत बांधलेला आणि मी समोर खुर्चीत. तो काय खातो, कसा भुंकतो, याची वहीत नोंद. आयुष्यात एखाद्या पेशंटची एवढी बारकाईने केस लिहिली नसेल.

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची माणसे येतात. २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यावर मोटारीही बोटीतून येतात. वाळूत कुत्रे चावले की त्यांचे म्हणणे, "घरी गेल्यावर बघू." घरी जाऊन कामाला लागले की राहूनच जाते. पहिला डोस जिथे चावले तिथेच घ्यावा, कार्ड खिशात ठेवावे, पुढचे डोस आपल्या गावी पुरे करता येतात. आणि बंगलेवाल्यांना हात जोडून विनंती आहे. सुट्टीत गेटवरच्या कुत्र्याला बिस्किटे घालून लळा लावायचा आणि सोमवारी कुलूप लावून जायचे, ही भूतदया अर्धवट आहे. बिस्किटांबरोबर त्याच्या लसीचीही सोय करा.

कुत्र्यांना मारून हा रोग जात नाही, हे मी ग्रामसभेत बोललो तेव्हा काही मंडळी नाराज झाली. पण कुत्री मारली की बाहेरून नवी, लस न दिलेली येतात. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर दारोदार फिरून हेच केले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू शून्यावर आणण्याचा आराखडा काढला. आराखडा दिल्लीत आहे, कुत्री आमच्या आळीत आहेत. ग्रामपंचायतीने वर्षातून एक रविवार ठरवला, शाळेतली मुले आपापली कुत्री घेऊन आली, तर अर्धे काम होईल. मी टेबल टाकून नोंदी लिहायला बसतो.

अकराव्या दिवशी गुंड्या ठणठणीत होता. त्याच सकाळी त्याला स्कूटरवर पुढ्यात बसवून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सभ्यपणे काहीच विचारले नाही. मुलाचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस परवा झाला. कुत्रे सुखरूप असले तरी कातडीतले डोस पूर्ण करायचे असतात. तो आता पडवीत येतो तेव्हा खिशात हात घालून लांब उभा राहतो. कपाटाला एका दाराची मूठ अजून नाही. जुनी गुंड्याने कुठे पुरली आहे ते सापडलेले नाही.