किमान वेग छापा

गणपती जवळ आले की कोकणातल्या ब्रॉडबँडवाल्याचा फोन दोन कारणांनी वाजू लागतो. गावचे घर वर्षभर कुलूपबंद ठेवून मुंबईत राहणारा चाकरमानी सांगतो, "दहा दिवस नेट चालू करून द्या." आणि शेजारच्या छपरावर पांढरी डबी बसलेली पाहून जुना ग्राहक विचारतो, "वायरलेस तुमच्यापेक्षा स्वस्त पडतं का हो?" पहिल्याला काय सांगायचे ते आपल्याला पाठ आहे. दुसऱ्याला आपल्यापैकी बरेच जण "पावसात बंद पडतं ते" एवढे ऐकवून फोन ठेवतात. हे उत्तर अर्धे चुकीचे आहे आणि त्यात हिशेब मुळीच नाही. चिपळूण, खेर्डी, सावर्डे, अलोरे, पोफळी या पट्ट्यात पोलावर चढून फायबर ओढणाऱ्या आपल्या वाचकांनी हा हिशेब स्वतः करायला हवा, म्हणून या महिन्याची ही जागा त्यालाच दिली आहे.

बिनतारी घरगुती इंटरनेट काल-परवाचे नाही. बीएसएनएलने 'भारत एअरफायबर' ही सेवा जानेवारी 2021 मध्ये अकोल्यातून सुरू केली, तीही आपल्यासारख्याच स्थानिक भागीदारांच्या हातून. ऑगस्ट 2023 मध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत एक्स्ट्रीम एअरफायबर आणले. 19 सप्टेंबर 2023 ला, ऐन गणेश चतुर्थीला, जिओ एअरफायबर मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झाले. तेव्हापासून ही सेवा तालुक्याच्या गावांपर्यंत उतरली आहे आणि आता वाड्यांवरही दिसते. ती येणारच होती. डोंगरउतारावर विखुरलेल्या घरांपर्यंत वायर नेण्याचा खर्च किती येतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आधी पैसे. जिओने सुरुवातीला जाहीर केलेले दर पाहा: 30 एमबीपीएसला 599 रुपये, 100 एमबीपीएसला 899, आणि जास्त ओटीटी हवे असतील तर 1199. या सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 599 चा पॅक हातात पडतो 706 रुपये 82 पैशांना. जोडणीचे 1000 रुपये वेगळे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर तेवढे माफ. सहा महिन्यांचाच पॅक घेणाऱ्याने हे हजार रुपये सहा महिन्यांत विभागले, तर कर धरण्याआधीच 599 चे 766 होतात. वर्षाचे एकदम भरायचे तर करासह 8,482 रुपये पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. एअरटेलने सुरुवातीला 100 एमबीपीएसला महिना 799 रुपये असा दर लावला होता. सहा महिन्यांचे एकदम घेतल्यास साडेसात टक्के सवलतीने 4,435 रुपये, शिवाय परत मिळणारी 2,500 रुपयांची अनामत. म्हणजे पहिल्या दिवशी खिशातून 6,935 रुपये जातात आणि कर त्यावर वेगळा.

हे आकडे बदलत राहतात, योजना दर सणाला नवी येते. हिशेबाची रीत मात्र तीच राहते. ग्राहकासमोर बसून कागदावर लिहा: जोडणी, अनामत, कर आणि किती महिन्यांचे पैसे आगाऊ. मग बेरजेला महिन्यांनी भागा. कित्येकदा आपला स्थानिक पॅक त्या आकड्याच्या खाली येतो. कधी येत नाही, आणि तसे असेल तर तेही सांगून टाकावे.

पैशांपेक्षा मोठी गफलत वेग आणि कोटा यांच्यात होते. वेग म्हणजे नळाचे तोंड, कोटा म्हणजे टाकीतले पाणी. तोंड रुंद केले म्हणून टाकी मोठी होत नाही. दोन्ही कंपन्यांच्या एअरफायबरवर महिन्याला सुमारे 1,000 जीबीची मर्यादा असते, तर त्यांच्याच फायबरवर ती 3,300 जीबी आहे. 30 एमबीपीएसचा पॅक पूर्ण वेगाने सतत चालवला तर तासाला साडेतेरा जीबी खर्च होतात आणि हजार जीबी 74 तासांत संपतात. 100 एमबीपीएसला हाच कोटा 22 तास पुरतो. अर्थात घरात कोणी नळ असा सताड उघडा ठेवत नाही. एचडी चित्र तासाला साधारण तीन जीबी खाते. दिवसाला 33 जीबी वाट्याला येत असताना एका टीव्हीच्या घराला चिंता नाही.

चिंता कॅमेऱ्याची आहे. आंब्याची बाग, बंद बंगला, खेर्डीतले छोटे युनिट, सगळीकडे हल्ली क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे लागतात. दोन एमबीपीएसने चोवीस तास चढवणारा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी घेतो, महिन्याला 648. चढता डेटाही कोट्यात धरला जात असेल तर असे दोन कॅमेरे घरातल्या कोणी मोबाईल हातात घेण्याआधीच हजारी ओलांडतात. ग्राहकाने कॅमेऱ्यांचे नाव काढले की अटींमधली ही ओळ त्याच्यासमोर उघडून वाचावी. रेकॉर्डिंग घरातल्याच डीव्हीआरवर ठेवायचा पर्यायही सांगावा.

कोटा संपल्यावर काय होते, ही बाब जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरात असते. जिओ एअरफायबरच्या अटींनुसार वेग 64 केबीपीएसवर येतो, एअरटेलच्या एअरफायबरवर 2 एमबीपीएसवर. एक एमबीचा फोटो उघडायला दोन एमबीपीएसला चार सेकंद लागतात, 64 केबीपीएसला दोन मिनिटांहून अधिक. तेवढ्यात यूपीआयचा व्यवहार अर्ध्यात तुटलेला असतो. दूरसंचार खात्याने जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या किमान 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली. त्या व्याख्येने पाहिले तर कोटा संपल्यानंतरच्या दोन पॅकपैकी एक जेमतेम ब्रॉडबँड राहतो आणि दुसरा राहत नाही. ट्रायने ऑक्टोबर 2016 च्या निर्देशात फिक्स्ड ब्रॉडबँडसाठी कोट्यानंतरही 512 केबीपीएसची तळरेषा आखली होती. कोटा 50, 90 आणि 100 टक्के झाला की ग्राहकाला कळवावे, असेही त्यात होते. आपल्यातले किती जण हा संदेश नियमाने पाठवतात, हे प्रत्येकाने आपल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच उघडून पाहावे.

कारण या बाबतीत आपलेही हात स्वच्छ नाहीत. '100 एमबीपीएस अमर्याद' असे बाजारपेठेतल्या फ्लेक्सवर आपणही छापतो. साध्या जीपॉनचा एक पोर्ट खाली अडीच जीबीपीएस देतो. त्यावर 64 घरे टांगली आणि सगळी एकदम जागी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला 39 एमबीपीएस येतात. वरून घेतलेली बँडविड्थ त्याहून अपुरी असेल तर तेवढेही नाहीत. रात्री नऊला वेग का पडतो हे आपल्याला पक्के ठाऊक असते, तरी ग्राहकाला आपण "राउटर बंद करून चालू करा" असे सांगतो. बिनतारी सेवेतही भागीदारीच असते, फक्त ती हवेत असते: एका टॉवरच्या एका सेक्टरमध्ये येणाऱ्या सगळ्यांची. जिओचे 5जी स्वतंत्र गाभ्यावर चालत असल्याने घरगुती जोडण्यांसाठी वेगळा कप्पा राखून ठेवता येतो, हे मान्य करायला हवे. पण कप्पा राखला म्हणून स्पेक्ट्रम वाढत नाही. गणपतीत आणि शिमग्याला गावोगाव माणसे भरली की टॉवरवर किती ताण येतो, हे मोबाईलवरच सगळ्यांना जाणवते.

आता पावसाचे. चिपळुणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे पावसाचे नाव घेतले की ग्राहक घाबरतो. परंतु 5जीचा मुख्य पट्टा 3,300 मेगाहर्ट्झच्या आसपासचा आहे. छपरावरची बरीच उपकरणे तर 2018 मध्ये परवानामुक्त झालेल्या 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. आपणही वाडीपर्यंत जाण्यासाठी तेच रेडिओ वापरतो. या दोन्ही पट्ट्यांना दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात पावसाच्या धारांनी फारसा फरक पडत नाही. धारांचा खरा फटका बसतो तो 26 गिगाहर्ट्झला. आपल्याकडे बिनतारी सेवेची शत्रू आहे ती झाडी. मे महिन्यात फांद्यांच्या फटीतून टॉवर दिसतो म्हणून डबी बसवली जाते. जुलैत तीच साग, फणस, आंब्याची पाने दाटतात, भिजतात आणि सिग्नल गिळतात. म्हणून "पावसात बंद पडतं" असे ठोकून देण्यापेक्षा "टॉवरकडे पाहिल्यावर मध्ये झाड येतं का?" एवढे विचारावे.

पावसाळ्यातला दुसरा प्रश्न विजेचा, दोन्ही अर्थांनी. छपरावरच्या डबीकडे जाणारी तांब्याची केबल कडाडणारी वीज थेट घरात आणू शकते; अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरशिवाय ती बसवणे धोक्याचे आहे. काचेच्या तंतूत वीज वाहत नाही, हा फायबरचा मोठा गुण आपण कधी सांगतच नाही. मात्र आधाराच्या तारेसह येणारी ड्रॉप वायर वापरणाऱ्यांनी हा गुण सांगण्याआधी आपली जोडणी तपासावी. आणि पुरवठा गेला की ओएनटी काय, डबी काय, दोन्ही मरतात. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस ग्राहकाला मूळ किमतीत दिला तरी निम्म्या तक्रारी कमी होतील, हा अनेकांचा अनुभव आहे.

आणि पूर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी शहरात घुसले. बाजारपेठेचे तळमजले बुडाले, वीज गेली, फोन मुके झाले. तार की बिनतार, हा भेद त्या दिवशी उरला नाही. टॉवरलाही डिझेल लागते आणि ओएलटीलाही कोरडी जागा लागते. ट्रायचे 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेले गुणवत्तेचे नियम जिल्ह्यात मोबाईल सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला सूट द्यायला लावतात, पण नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली आहे. म्हणजे पुरात ग्राहकाला कायद्याचा आधार नाही, व्यावसायिकाच्या तयारीचाच आहे. ज्यांची ओएलटी अजून त्या पुराच्या खुणेखाली आहे, त्यांनी पुढच्या पावसाआधी ती वर न्यावी. बहादूरशेख नाक्यापासून सावर्ड्यापर्यंत महामार्गाच्या खोदाईत फायबर तुटायचे ते तुटतच असते. दुसऱ्या बाजूने पर्यायी मार्ग नसेल तर आपणही एका जेसीबीच्या अंतरावर आहोत.

मग ग्राहकाला सांगायचे काय? काहींना वायरलेसच घ्यायला सांगावे. वाडीच्या टोकाला एकटे घर, मध्ये सातशे-आठशे मीटर झाडी, समोरच्या डोंगरावर टॉवर दिसतोय आणि घरात एक टीव्ही, दोन फोन: अशा घराला फायबर ओढून आपण वर्षानुवर्षे दुरुस्तीचे ओझे घेतो आणि तोही रडतो. उलट दाट वस्ती, घरून काम करणारा मुलगा, दोन कॅमेरे, ऑनलाइन क्लास, असे असेल तर फायबरचा आग्रह धरावा आणि कारणे आकड्यांत द्यावीत. बंद घराच्या चाकरमान्याला सहा महिने आगाऊ भरायला लावणारा पॅक परवडत नाही. त्याच्यासाठी अल्प भाड्यात जोडणी जिवंत ठेवून सण-सुट्टीपुरते पूर्ण पैसे घेणारी योजना ही स्थानिक व्यावसायिकाचीच जागा आहे.

आमची सूचना एवढीच आहे की येत्या दिवाळीच्या पत्रकावर प्रत्येकाने सहा ओळी छापाव्यात: कर आणि जोडणीसह वर्षाचा एकूण खर्च, महिन्याचा कोटा, कोटा संपल्यावरचा वेग, त्या वाडीत रात्री नऊ वाजता मोजलेला उतरता आणि चढता वेग, वीज गेल्यावर आपल्याकडची बॅटरी किती तास चालते, आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, न आल्यास किती दिवसांचे भाडे माफ. यातली तिसरी आणि चौथी ओळ कमाल वेगाएवढ्याच मोठ्या अक्षरात हवी.

या दोन ओळी लिहायला लाज वाटत असेल तर दोष पत्रकात नाही. पोर्टवरची घरे कमी करावी लागतील किंवा वरची बँडविड्थ वाढवावी लागेल. त्याला पैसे लागतात, आणि किमान वेगाची हमी मिळाली तर ग्राहक महिन्याला पन्नास रुपये जास्त द्यायला कुरकुरत नाही. कमाल वेगाच्या शर्यतीत आपण कधीच जिंकणार नाही. तिथे देशभराचा स्पेक्ट्रम आणि देशभराचा जाहिरातखर्च उभा आहे. पण देशभर एकच पत्रक वाटणाऱ्या कंपनीला पेठमाप किंवा शिरगावातल्या अमुक वाडीत रात्री नऊला किमान किती वेग मिळेल, हे छापता येत नाही. आपल्याला ते मोजता येते, छापता येते आणि नाही मिळाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन जाताही येते.