भट्टी विझली, जमिनीच्या हिशेबात आम्ही कुठे?

दिवाळ्याच्या कोळीवाड्यापासून दिघ्यापर्यंतचा ठाणे-बेलापूर पट्टा आज काचेच्या इमारतींनी चकाकतो आहे. 1962 साली एमआयडीसी आणि 1970 साली सिडको आली. उद्योग आणि नवे शहर या नावाखाली शासनाने इथल्या जमिनी घेतल्या. कारखाने उभे राहिले, धुराडी पेटली. आता त्यातली कित्येक विझली असून त्या जागी आयटी पार्क आणि डेटा सेंटरे येत आहेत. याला पुनर्विकास म्हणतात. या पुनर्विकासात भूमिहीन बौद्ध, कोळी आणि ठेक्यावरचा कामगार कोणत्या रकान्यात बसतो, एवढाच आमचा सवाल आहे.

दिघ्याचा मुकंद पोलाद कारखाना घ्या. लाहोरात सुरू झालेला हा उद्योग 1937 साली कंपनी म्हणून नोंदला गेला, पुढे बजाज घराण्याशी जोडला गेला. लाहोर सुटले; मुंबईत कुर्ल्याला आणि नंतर कळवा-दिघ्याला त्याचा विस्तार झाला. विजेच्या भट्टीत भंगार वितळवायचे, त्याचे पोलाद करायचे, सळ्या काढायच्या. कालांतराने पोलाद वितळवण्याचे काम कर्नाटकातल्या गिणिगेऱ्याला गेले आणि दिघ्याच्या जमिनीचा मोठा तुकडा विकला गेला. कंपनीने सारे कायद्याने केले असेल. आमची तक्रार कायद्याच्या रचनेबद्दल आहे.

गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे मांडला तेव्हा त्यांना तो अडचणीचा वाटला. भट्टीपुढे अशी अडचण नव्हती. तिथली धग सोसायला फारसे कोणी भांडत नव्हते! 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली आमची माणसे या पट्ट्यातल्या दगडखाणींत, फाउंड्रीत, रसायनाच्या कारखान्यांत शिरली, आणि बहुतेक वेळा ठेकेदाराच्या मस्टरवरच राहिली. कारखाना बंद झाला की कायम कामगाराला निदान हिशेब मिळतो. ठेक्यावरच्या माणसाला गेटवरचा वॉचमनही ओळखत नाही.

जमिनीचेही तेच झाले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन 5 जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. त्या लढ्याला आमचा सलाम आहे. पण साडेबारा टक्के मोजले जातात ते सातबाऱ्यावरून. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, दुसऱ्याच्या शेतावर राबणे एवढीच ज्याची शेती होती, त्याच्या वाट्याला आले ते फार तर हातरुमालाएवढे भूखंड. कोळ्याच्या खाडीचा सातबारा कोणत्या तलाठ्याने लिहिला होता?

2013 च्या भूसंपादन कायद्याने ही चूक कागदावर सुधारली. त्यात शेतमजूर, कूळ, कारागीर आणि मच्छीमार यांनाही 'बाधित कुटुंब' मानले आहे. संपादित जमीन विकास न करता चढ्या भावाने दुसऱ्याला दिली, तर वाढीव किमतीचे 40 टक्के मूळ मालकांना द्यावेत, असेही कलम 102 सांगते. पण आपल्या पट्ट्यातल्या जमिनी त्याआधीच गेल्या, म्हणून हे कलम दिवाळ्याच्या वेशीबाहेरच थांबते.

दुसरीकडे वेग पाहा. 2015 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने दिघ्यातल्या 99 अनधिकृत इमारतींवर हातोडा आला. आयुष्याची कमाई ओतून घर घेणाऱ्यांना जमिनीचा वापर कसा बदलायचा हे माहीत नव्हते. ज्यांना माहीत आहे ते शुल्क भरतात आणि बदलून घेतात.

मुंबईच्या गिरण्यांचा धडा ताजा आहे. 1991 च्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला मिळायचा होता. 2001 साली दुरुस्ती करून हे वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरते आणले गेले आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शब्द दोनचार बदलले, एकरच्या एकर गेले. इंदू मिलची जागा स्मारकाला मिळाली, कारण 6 डिसेंबर 2011 रोजी भीमसैनिक आत शिरले.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कारखाना बंद करायला शासनाची परवानगी पूर्वी 100 कामगारांपासून लागे, आता ती 300 पासून लागते. या पट्ट्यातली किती फाउंड्री 300 च्या वर आहेत?

आमची मागणी साधी आहे. औद्योगिक भूखंडाचा वापर बदलताना जो अधिमूल्य-वाटा शासनाकडे जातो, त्यातला ठरावीक हिस्सा त्या कारखान्याच्या ठेका कामगारांसाठी आणि त्या गावच्या भूमिहीनांसाठी कायद्यानेच बांधून द्यावा. सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या नव्या कंपन्यांत आरक्षण असावे. तोवर प्रत्येक वस्तीतल्या विहारात एक रजिस्टर ठेवा. जुने गेटपास, पगारपावत्या, पीएफच्या स्लिपा, ईएसआयची कार्डे, ठेकेदाराचे नाव, कामाची वर्षे, सगळे त्यात उतरवून झेरॉक्स काढून ठेवा. पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेले कागद पावसाळ्यात भिजतात, आणि कोर्टात तोंडी साक्ष फार लांब जात नाही.