सहा पोरं, दोन गाड्या आणि एक हरवलेला रस्ता

१ सप्टेंबर १९५५. लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरून दोन लँडरोव्हर गाड्या निघाल्या. एक फिकट निळी, नाव ‘केंब्रिज’. दुसरी गडद निळी, नाव ‘ऑक्सफर्ड’. गाड्यांत होते या दोन विद्यापीठांतले सहा तरुण आणि छपरापर्यंत रचलेलं सामान. जायचं होतं सिंगापूरला. तेही विमानानं नव्हे, बोटीनं नव्हे, तर इंग्लिश खाडी ओलांडली की थेट जमिनीवरून!

कल्पना ॲड्रियन कॉवेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्याची. ऐकणाऱ्यांनी मान हलवली. कारण युरोप, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण, पाकिस्तान असं करत कलकत्त्यापर्यंत मोटार आणता येते, हे ठाऊक होतं. घोडं अडायचं ते पुढं, ब्रह्मदेशात. डोंगर, घनदाट जंगल, पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या आणि १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणी पेटलेली बंडं. सरकारी परवानगीशिवाय तिथं चाक फिरणं शक्य नव्हतं.

पोरांच्या खिशात पैसे नव्हते. मग त्यांनी काय केलं? कामं वाटून घेतली. कॉवेलकडे पैसा आणि कंपन्यांशी पत्रव्यवहार. पॅट मर्फीकडे नकाशे आणि व्हिसा. हेन्री नॉट मेकॅनिक. नायजेल न्यूबेरीकडे कोठी, शिवाय गरज पडली की पान्हाही त्याच्या हाती. टिम स्लेसरकडे लेखन. अँटनी बॅरिंग्टन ब्राऊनकडे कॅमेरा. हा साधासुधा फोटोग्राफर नव्हे! डीएनएच्या मॉडेलशेजारी उभ्या असलेल्या वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ मधला जगप्रसिद्ध फोटो त्यानंच काढलेला.

हळूहळू मदत जमू लागली. रोव्हर कंपनीनं गाड्या दिल्या. बीबीसीतल्या एका तरुण निर्मात्यानं चित्रीकरणासाठी फिल्म दिली. त्या निर्मात्याचं नाव डेव्हिड ॲटनबरो!

निघण्याचा महिनाही विचार करून ठरवण्यासारखा होता. सप्टेंबरात लंडन सोडलं, तर ब्रह्मदेशात पोचेपर्यंत पावसाळा संपलेला असतो आणि पुढचा सुरू व्हायला अवकाश असतो. कोरडे महिने मोजकेच. व्हिसासाठी कुठं महिनाभर अडकलं, की सगळं गणित चुकलं. गाडीचेही कागद असतात. परदेशातून आलेली मोटार गुपचूप विकली जाणार नाही, ती देशाबाहेर परत जाईल, अशी हमी प्रत्येक सीमेवर कस्टम्सला द्यावी लागते. म्हणजे इंजिनाइतकंच महत्त्व रबरी शिक्क्यालाही.

खरी परीक्षा सुरू झाली आसामातल्या लेडो गावापासून. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४२ साली ब्रह्मदेशातून चीनला जाणारी वाट तोडली, तेव्हा अमेरिकन जनरल स्टिलवेल यांच्या देखरेखीखाली इथून नवा रस्ता खोदला गेला. सुमारे ३,७०० फूट उंचीच्या पांगसाऊ खिंडीतून तो ब्रह्मदेशात उतरतो. १९४५ च्या सुरुवातीला त्यावरून लष्करी ट्रक चीनपर्यंत पोचले. पण युद्ध संपलं आणि रस्त्याचा वाली संपला. दहा वर्षांत जंगलानं तो गिळायला सुरुवात केली, पूल वाहून गेले. अशा ठिकाणी गाडी सरळ पाण्यात घालावी लागते. त्याआधी इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढायचा, नाहीतर पंखा पाणी उडवतो आणि इंजिन बंद पडतं. मेकॅनिकनं पट्टा काढायचा, दुसऱ्यानं चालत जाऊन खोली बघायची, तिसऱ्यानं दोर घेऊन पलीकडे उभं राहायचं. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हेच.

ब्रह्मदेश पार करून ते थायलंडात उतरले आणि ६ मार्च १९५६ रोजी सिंगापूरला पोचले. सहा महिने, सहा दिवस! स्लेसर यांचं ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक १९५७ साली निघालं. प्रस्तावना अर्थातच ॲटनबरो यांची.

गाड्यांचं पुढं काय झालं? ‘केंब्रिज’ नंतरच्या एका मोहिमेत दरीत कोसळली. ‘ऑक्सफर्ड’ पक्षी अभ्यासकांबरोबर अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर गेली आणि तिथून सेंट हेलेना बेटावर. अनेक वर्षं तिथं पडून राहिली. अखेर २०१७ साली ती इंग्लंडला परतली, दुरुस्त झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सिंगापूरहून लंडनकडे उलट्या प्रवासाला निघाली. ८७ वर्षांचे स्लेसरही तिच्यातून जाणार होते. ऐन वेळी प्रकृतीनं दगा दिला. आजोबांच्या जागी नातू बसला. डिसेंबरात गाडी लंडनला पोचली.

पण नातवाला आजोबांची वाट मिळाली नाही. इराक आणि सीरिया टाळावे लागले, तिबेट, चीन, मध्य आशिया असा वळसा पडला. जिथं आजोबांना सर्वांत जास्त धाकधूक, तो ब्रह्मदेश मात्र त्या वर्षी खुला होता. तोही फार काळ नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथं पुन्हा युद्ध पेटलं.

डोंगर आणि नद्या जागच्या जागी असतात. दारं तेवढी उघडतात आणि मिटतात. सहा पोरांना एक दार किलकिलं दिसलं आणि ते मिटायच्या आत ती आत शिरली. ते जमलं, कारण दाराशी पोचताना प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं.

तेव्हा उद्या घरातला मुलगा किंवा मुलगी ‘मित्रांबरोबर लांब जाऊ का?’ असं विचारत आली, तर लगेच नाही म्हणू नका. एवढंच विचारा, ‘कोण काय सांभाळणार?’ उत्तर चटकन आलं, तर निम्मी काळजी तिथंच मिटली म्हणायची.