चाक मोठे, घाट तोच

हुबळीहून यल्लापूर, अंकोल्याकडे उतरणाऱ्या महामार्गावरील कलघटगी हे गाव रंगीत लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच टापूत पठारावरची काळी माती मागे पडते आणि मलनाडचे रान सुरू होते. पावसाळ्यात शेतमाल काढणाऱ्या पिकअपचे चाक सकाळी चिखलात रुतते आणि दुपारी अरबैल घाटाच्या ओल्या डांबरावरून उतरते. अशा गाडीला मूळच्यापेक्षा मोठी, रुंद चाके बसविण्याची हौस अलीकडे बळावली आहे. हौसेला मोल नसते म्हणतात. घाटात मात्र ते मोजावे लागते.

हिशेब साधा आहे. २१५/७५ आर १५ या टायरची उंची सुमारे ७०४ मिलिमीटर भरते. २३५/७५ आर १५ ची ७३४. वाढ ३० मिलिमीटरची, पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे अवघी दीड सेंटिमीटर! त्यासाठी चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठे होते. काटा ६० दाखवीत असता गाडी साडेबासष्टने धावते, चढावर ओढ घटते आणि उतारावर ब्रेकवरील ताण वाढतो. रुंद टायर वाळूवर तरतो हे खरे. परंतु वरचा चिखल कापून खालची घट्ट जमीन गाठण्यास अरुंद टायरच पुष्कळदा उपयोगी पडतो. खोल खाचांचा टायर चिखलात शूर असला, तरी ओल्या डांबरावर त्याची पकड उणी पडते.

म्हणून माप निर्मात्याने सांगितलेलेच ठेवावे, टायरची भारक्षमता पाहावी आणि नक्षी दोन्ही वाटांना मानवेल अशी निवडावी. जादा चाकही त्याच मापाचे हवे. चिखलात हवा कमी केली, तर डांबरावर येताच ती पुन्हा भरावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा न्याय चाकांनाही लागू आहे.

निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरबदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच बजावले आहे. टायरच्या नक्षीची खोली झिजून १.६ मिलिमीटरहून कमी होऊ देऊ नये, असाही नियम आहे. हे नियम तपासणी नाक्यावर दिसावेत, एवढीच आमची अपेक्षा.

२२ जानेवारी २०२५ च्या पहाटे याच महामार्गावर यल्लापूर तालुक्यात, सावनूरहून कुमट्याच्या बाजारास निघालेला भाजीचा ट्रक दरीत कोसळून १० जणांचा बळी गेला. त्याचा दोष आम्ही टायरवर ठेवीत नाही. परंतु किनाऱ्यावरील आपल्या ताटात पडणारी भाजी कोणत्या वाटेने व कोणाच्या जिवावर उतरते, हे त्या पहाटेने दाखवून दिले. दरीकडेला भक्कम कठडे उभारणे हे सरकारचे कर्तव्य आहे. चाक निवडताना हौस आवरणे हे गाडीमालकाचे. या दोहोंपैकी एकानेही हयगय केली तर घाट कोणाचीच गय करीत नाही.