'अलाऊ' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 'तुमच्या फोनमध्ये ३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा' असा जो निरोप फोनच्या वरच्या पट्टीत टपकतो ना, तो बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. ती असते कधीतरी दिली गेलेली एक परवानगी.

त्याचं काय आहे, २०१५ साली क्रोममध्ये एक सोय आली. वेबसाइट उघडी नसतानाही ती तुम्हाला निरोप पाठवू शकते, फक्त आधी विचारायचं. बातम्या, क्रिकेटचा स्कोअर वगैरेंसाठी ठीकच. पण विचारायचं म्हणजे काय, तर एक चौकट आणि दोन बटणं! भामट्यांनी हे बरोबर हेरलं. कुणी निकाल बघायला जातं, कुणी फुकटचा सिनेमा शोधतं, आणि मध्येच पान येतं: 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा.' दाबलं की संपलं. मग बँकेचं नाहीतर अँटिव्हायरसचं चित्र लावून निरोपांचा पाऊस. त्यावर टिचकी मारली की खोटं पान, त्यावर फोन नंबर, आणि पलीकडे गोड बोलणारा 'इंजिनिअर'.

खोटे इशारे दाखवून लुबाडणं हा केवढा मोठा धंदा आहे बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. परदेशी लोकांना संगणकावर खोटे इशारे दाखवून फसवणारी कॉल सेंटरं त्यात होती.

आता माझं खरं म्हणणं. आमच्या अंबाजोगाईत अनेक घरांत हेच चित्र आहे: मुलं पुण्या-मुंबईला किंवा त्याही पलीकडे, आणि घरी दोन म्हातारी माणसं आणि एक स्मार्टफोन. नातवंडं दिसतात ती त्यातच. माझ्या नात्यातल्या एक काकू या निरोपांना इतक्या घाबरल्या की त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. मुलाला सांगितलं नाही, कारण तो म्हणणार, "तुला कोणी सांगितलं होतं नको तिथे बोट लावायला?"

हे वाक्य आपण सगळे म्हणतो, आणि मला वाटतं खरं नुकसान तेच करतं. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. भामट्याला तेवढंच हवं असतं.

आणि चूक काकूंची का म्हणायची? मार्गशीर्षात योगेश्वरीच्या यात्रेत विक्रेते ओरडतातच, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. पण एकदा मान डोलावली म्हणून तोच विक्रेता वर्षभर आपल्या माजघरात येऊन ओरडायला लागला तर? २०२० पासून फायरफॉक्स आणि क्रोमने या चौकटींना थोडा आवर घातला, चांगलंच आहे. पण माझ्या मते ही सोय मुळातच बंद असावी. ज्याला हवी त्याने शोधून चालू करावी.

तोवर दिवाळीला घरी याल तेव्हा दोन मिनिटं काढा. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल, अनोळखी नावं ब्लॉक करा. तिथेच नवीन साइट्सना विचारण्यापासूनही थांबवता येतं. निरोपात साइटचा पत्ता बारीक अक्षरात असतो, तो वाचायला शिकवा. पैसे गेलेच असतील तर लाजत न बसता लगेच १९३० वर फोन करा.

काकूंच्या यादीतून अकरा नावं निघाली. फोन आता कपाटाबाहेर आहे. तुमच्या आईच्या फोनमध्ये किती निघतात, बघून कळवा!